ओल मोजायचं मीटर, आठ महिन्यांनंतर (आणि भिंतीला पडलेली भोकं)

गेल्या जुलैत ऑनलाइन ११५० रुपयांना घेतलेलं, साधं दोन पिनांचं मॉइश्चर मीटर. घेताना पाच स्टार दिले होते, ऑगस्टमध्ये दोनवर आणले, आता चार. एक स्टार भोकांचा कापलाय.

आमचं घर ठाण्यात, बिल्डिंग तीस वर्षं जुनी. बेडरूमच्या ज्या कोपऱ्यात ओल यायची त्याची एक बाजू बाहेरची भिंत आणि दुसरी बाथरूमची, म्हणजे भांडणासाठी आदर्श कोपरा. वरच्या काकू म्हणणार पावसाचं पाणी आहे, सेक्रेटरी म्हणणार इंटर्नल लीकेज. यात कुणाचंच नुकसान नव्हतं, कारण आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे हाउसिंग सोसायट्यांची नमुना नियमावली) पावसाची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीकडे, आणि घरातल्या संडास-बाथरूमची मेंबरच्या खिशातून. मधल्या मध्ये पापुद्रे आमच्या गादीवर पडत होते. थर्मल कॅमेरावाला बोलावला, साडेसहा हजार घेतले आणि बारा पानांची पीडीएफ दिली, त्यात सार काय तर भिंत ओली आहे. अहो तो कॅमेरा पाणी बघतच नाही, थंड-गरम बघतो, आणि भिंत ओली आहे हे तर मला हात लावूनही कळत होतं. त्या रागात मीटर घेतलं.

पहिल्या आठवड्यात मी घरभर टोचत सुटलो. इथेच भोकांचा विषय. दर रीडिंगला दोन भोकं, बारीक असतात पण ट्यूबलाइट लागली की सगळी दिसतात, आणि आमच्याकडे हॉलचा रंग तेव्हा नुकताच झाला होता. हिने मोजली, चौसष्ट. जाहिरातीत मुलगी हसत हसत भिंतीला मीटर लावते, भोकं कुठेच दाखवत नाहीत. फर्निचरला तर लावूच नका.

दोन स्टार का झाले ते सांगतो. कंपनीने आकड्यापुढे टक्के लिहिलेत त्यावर जाऊ नका. आतमध्ये फक्त दोन पिनांमधून वीज किती सहज जाते ते मोजलं जातं आणि टक्क्यांचं गणित लाकडासाठी बसवलेलं, प्लास्टरवर तो आकडा नुसता तुलनेपुरता. शिवाय जुन्या ओलीची पांढरी पावडर धरलेली असते ना, ते क्षार, तिथे मीटर उगाच ओरडतं. मी दुसऱ्या एका भिंतीवर ३८ बघून प्लंबरला फोन पण केला, खरवडलं तर आत खडखडीत कोरडं. म्हणून आधी घरातली एक नक्की कोरडी भिंत मोजून ठेवा. आमची १० दाखवते.

मग गणपती आले आणि काकूंचं कुटुंब दहा दिवस कोकणात गेलं. मी रोज एकाच जागी मोजत होतो, पेन्सिलने भिंतीवरच तारीख-आकडा. बाहेर धो धो पाऊस, आणि आकडा ३२ वरून २५ वर! म्हणजे पाऊस निर्दोष सुटला. वरच्यांच्या नळाच्या लाइनीपण सुटल्या, कारण मेन व्हॉल्व्ह ते बंद करून गेले नव्हते, प्रेशरची लाइन गळत असती तर कुणी आंघोळ करो न करो, गळतच राहिली असती. वापर थांबल्यावर कमी होते ती ड्रेनेजची गळती. ते परत आले, चार दिवसांत पुन्हा ३१. त्या संध्याकाळी मी मीटरला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण काकूंना पेन्सिलचे आकडे कोण पटवणार. शेवटी केकमध्ये घालतात तो हिरवा रंग आणला, त्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या लादीत पाणी जायचं तोंड) ओतून दोन बादल्या पाणी सोडलं. दोन दिवस काहीच नाही (रंग प्लास्टरमध्ये अडकूही शकतो, दिसला नाही म्हणजे गळती नाही असं धरू नका). तिसऱ्या दिवशी आमच्या बाथरूमच्या छताला हिरवा डाग. ट्रॅपभोवतीचा सांधा गेला होता, पाणी लादीखालच्या भरावात साचून मग आमच्या कोपऱ्याकडे सरकत होतं. ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून २४ तास पाणी तुंबवून बघितलं, नऊ हजार. उपविधी काहीही म्हणोत, निम्मे मी दिले. जिना एकच आहे.

अपडेट, मार्च: कोपरा आता १४. आणि भोकांवर उपाय सापडला, तोही फुकट. पिनांएवढ्या अंतरावर दोन बारीक खिळे प्लास्टरमध्ये ठोकून ठेवायचे आणि मीटरच्या पिना खिळ्यांच्या डोक्याला टेकवायच्या. नवीन भोक नाही, जागा तीच, आणि वरच्या थराबरोबर आतली ओलही कळते. फक्त आत वायर-पाइप नाही ना ते बघून ठोका. हे मला जुलैत कळलं असतं तर हॉलला टचअप लागला नसता. रंगाऱ्याने खिळे काढू का विचारलं, मी म्हटलं बाजूने रंगव.

बॅटरी नऊ व्होल्टची, आठ महिन्यांत एकदा बदलली, ती उतरली की आकडे उड्या मारतात. मीटर सध्या वर काकूंकडे आहे, त्यांच्या किचनच्या भिंतीला ओल आलीय आणि त्यांच्या मते ती त्यांच्या वरच्यांची. खिळ्यांचं त्यांना सांगितलं नाहीये अजून.