म्हापशाच्या बाजारातला ३७ पट्ट्यांचा खेळण्यातला पियानो: सर्किट बेंडिंगसाठी घ्यावा का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि बोडगेश्वराच्या जत्रेतल्या फेरीत बिननावाचा, ३७ पट्ट्यांचा प्लास्टिकचा पियानो चार-पाचशे रुपयांना मिळतो. वाद्य म्हणून तो सामान्यच आहे, पण सर्किट बेंडिंग, म्हणजे खेळण्याचं सर्किट मुद्दाम छेडून भलतेच आवाज काढणं, शिकायला याहून सोयीची वस्तू गोव्यात सहज मिळणार नाही. अमेरिकेच्या रीड घझाला यांच्या खणात १९६०च्या दशकात एक उघडा ॲम्प्लिफायर शॉर्ट होऊन भलतेच आवाज काढू लागला आणि त्यातून हा छंद रुजला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा १९७८चा स्पीक अँड स्पेल (बोलणारं खेळणं) किंवा कॅसिओचा एसके-१ (छोटा कीबोर्ड) यांच्यामागे लोक धावतात, पण पहिल्यांदा सोल्डर मारायला इतकी जुनी वस्तू हाती घेऊ नये.

विकत घेताना घरचे उतरलेले चार पेन्सिल सेल सोबत न्या. ते घालून एक पट्टी दाबून धरा. सूर ढासळत गेला तर चिपचं घड्याळ, म्हणजे तिचा वेग ठरवणारा भाग, ठाम वेग धरणाऱ्या क्रिस्टलवर नाही, म्हणजे सूर बदलता येण्याची आशा आहे. घड्याळाचा रेझिस्टर चिपच्या बाहेर आहे की नाही हे मात्र उघडल्यावरच कळतं, आणि ते प्रत्येक लॉटमध्ये बदलतं. हाच या वस्तूचा सर्वांत मोठा दोष.

मागचे स्क्रू काढा. लांबी वेगवेगळी असते, म्हणून कुठला कुठे होता ते लिहून ठेवा. आत तपकिरी, एका बाजूने छापलेला बोर्ड आणि त्यावर काळा थेंब दिसेल. चिप त्याखाली असते. पियानो सेलवर चालू ठेवून ओलसर बोट थेंबाजवळच्या एकेका रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर टेकवा. ज्याने सूर चढेल, तो आपला. हे काम फक्त सेलवर करायचं. चार्जर किंवा अडॅप्टर लावून उघड्या बोर्डाला हात लावायचा नाही.

तो रेझिस्टर बहुतेकदा १०० ते ३०० किलोओहमच्या आसपास असतो. तो काढून तिथे १ मेगाओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ४७ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. पॉट फिरवला की सूर आणि ताल एकदमच बदलतात, कारण दोन्ही एकाच घड्याळावर चालतात. तळाशी नेल्यावर ऱ्हिदममधला झांजेचा आवाज खरखरीत दाण्यांत फुटतो आणि ढोल गुहेतून आल्यासारखा घुमतो. एवढ्यासाठी पाचशे रुपये सहज वसूल. वरच्या टोकाला मात्र चिप अडकते: एकच सूर धरून बसते, पट्ट्या चालत नाहीत. तसं झालं तर ४७ऐवजी ६८ किलोओहम लावा आणि सेलच्या प्लस वायरमध्ये दाबल्यावर तुटणारा पुश बटन घाला. तो दोन-तीन सेकंद दाबून धरावा लागतो, नाहीतर कपॅसिटरमधला उरलेला चार्ज चिपला अडकलेलीच ठेवतो.

बोर्ड स्वस्त असल्याने तांब्याचे पॅड उष्णतेने उचकटतात. २५ वॅटचा आयर्न वापरा आणि टोक तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. वायर बारीक, अनेक तारांची घ्या आणि जोडाजवळ गरम गोंदाने चिकटवा. बहुतेक बिघाड चिपमध्ये नसतो, वायर ओढली जाऊन पॅड सुटलेला असतो.

नवे आवाज देणारे पुढचे जोड शोधताना वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर ठेवून थेंबाभोवतीच्या पॅडच्या जोड्या तपासा. पट्ट्यांच्या ओळींमधून न दाबलेले सूर एकदम उठतात, तेच सर्वांत कामाचे. सेलचा प्लस आणि स्पीकरची टोकं यांत हात घालू नका. पॉटऐवजी एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) लावायचा असेल तर सिरीजचा रेझिस्टर विसरू नका. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात एलडीआर काहीशे ओहमवर येतो आणि चिप लगेच अडकते.

बोटांनी सूर खेचण्यासाठी घड्याळाच्या रेझिस्टरच्या जागेच्या दोन टोकांना धातूचे स्क्रू जोडता येतात. पितळी स्क्रू खाऱ्या हवेत हिरवे पडतात, स्टेनलेस घ्या. पावसाळ्यात हात दमट असल्याने सूर जास्त उडी मारतो. सेलच्या स्प्रिंगलाही हीच हवा लागते, म्हणून वापर नसताना सेल काढून ठेवा.

बाहेर आवाज काढण्याआधी मल्टीमीटर लावा. स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सेलच्या मायनसपासून निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसलं, तर ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे आणि त्यातली कुठलीच वायर ग्राउंड नाही. तशी जॅकच्या बाहेरच्या कडीला जोडली तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. एका वायरीवरून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १० किलोओहम घालून जॅकच्या टोकापर्यंत न्या. टोकापासून सेलच्या मायनसला १ किलोओहम. कडी मायनसला. स्क्रूला बोट लावून वाजवायचं असेल तर मात्र विजेवरचा ॲम्प्लिफायर जोडू नका. अर्थिंग बिघडलेलं असेल तर झटका थेट तुमच्या बोटातून जाईल. बॅटरीवर चालणारा स्पीकर त्याच्या ऑक्स सॉकेटमधून जोडा.