बारकोडचा भेट-पास: गर्दी आवरते, पेशंटला विचारत नाही

रुग्णालयाच्या अ‍ॅडमिशन काउंटरवर ओळखपत्र दाखवा, फोटो काढा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, की बारकोडचा पास हातात. जुन्या पुठ्ठ्याच्या पासची उसनवारी या पद्धतीत चालत नाही, आणि एकाच खाटेभोवती सगळं गणगोत जमत नाही. गर्दी आवरायला व्यवस्था चांगली आहे. पेशंटचा भेटीचा हक्क सांभाळण्यात मात्र ती काठावर पास.

गोची पहिल्याच खिडकीशी होते. भेटायला कोण येणार हे विचारलं जातं ते दाखल करणाऱ्याला, म्हणजे बहुतेकदा बिल भरणाऱ्याला. पेशंट शुद्धीवर असला, नीट बोलत असला, तरी त्याच्या पसंतीचा रकाना फॉर्मवर सहसा नसतो. नात्यांची यादी पती, पत्नी, आईवडील आणि मुलांपाशी संपली, की मैत्रीण, लग्नाविना राहणारा जोडीदार, सांभाळणारी शेजारीण, सगळे ‘इतर’मध्ये जातात. आयसीयूचा पास ‘इतर’ला निघत नसेल, तर पेशंटला ज्याची गरज आहे तोच माणूस बाहेर बाकावर बसतो.

अमेरिकेने नेमकी हीच फट बुजवली. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांमध्ये सहभागी असलेल्या रुग्णालयांना जानेवारी २०११ पासून केंद्रीय नियम लागू आहे. भेटीला कोणी यावं हे पेशंट ठरवतो. त्यात समलिंगी जोडीदारही आला आणि मित्रही. दिलेली संमती तो केव्हाही मागे घेऊ शकतो. रुग्णालयाला निर्बंध घालता येतात, पण ते कारणांसह लेखी धोरणात असावे लागतात आणि पेशंटला सांगावे लागतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून असाच नियम आहे. त्यात केअर होम (देखभालगृह) आणि हॉस्पिस (अखेरच्या आजारातली शुश्रूषा करणारी संस्था) हेही येतात, शिवाय बाह्यरुग्ण तपासणीला सोबत माणूस नेण्याची मुभाही आहे.

आपल्याकडे चित्र विचित्र आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सनदेत पेशंटचे १७ हक्क मोजलेत, पण भेटीचा स्वतंत्र हक्क त्यात नाही. साध्या वॉर्डात त्यामुळे रुग्णालयाचं धोरणच चालतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मात्र स्पष्ट बोलतो. कलम २६ नुसार दाखल व्यक्तीला, संस्थेच्या नियमांच्या चौकटीत आणि वाजवी वेळी, भेटायला आलेल्यांना भेटण्याचा किंवा भेट नाकारण्याचा हक्क आहे, फोनचंही तसंच. वकील आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीने बोलायला कायद्याने मान्य केलेली व्यक्ती) यांची वाट तर त्या कलमातले निर्बंधही अडवू शकत नाहीत. म्हणजे भेटीचा हक्क सगळ्यात ठळक लिहिलाय तो मनोरुग्णालयाच्या दारावर. मनोरुग्णालयात ‘आज भेट नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर कलम २८ खाली आधी प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि तिथे समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

पासकडे परत येऊ. तो कशाला जोडलाय हे घेतानाच विचारा. खाटेच्या नंबराला जोडलेला असेल, तर पेशंट वॉर्डातून आयसीयूत हलला की गेटवर लाल दिवा लागणार. आयपीडी नंबराला, म्हणजे दाखल होताना पेशंटला मिळणाऱ्या नोंदणी क्रमांकाला जोडलेला असेल तर पास पेशंटबरोबर हलतो. ओटीपी एकाच मोबाइलवर येत असेल, तर तो मोबाइलवाला गावी गेला की बाकीचे अडकतात. दुसरा नंबर पहिल्याच दिवशी नोंदवून घ्या. आणि पेशंटला एखादी व्यक्ती नको असेल, तर ते वॉर्ड सिस्टरकडून केसपेपरवर लिहून घ्या. नुसतं वॉचमनच्या कानावर घातलेलं शिफ्ट बदलली की पुसलं जातं.

प्रत्येक नकार अन्यायाचा नसतो, हेही खरं. संसर्गाचा धोका, चालू असलेली प्रक्रिया, शेजारच्या पेशंटची झोप, आरडाओरडा करणारा पाहुणा, न्यायालयाचा मनाई आदेश, ही कारणं रास्त आहेत. ‘साहेबांचा राउंड आहे’ हे कारण तासाभरापुरतं. दिवसभर तेच ऐकवलं जात असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, कोणाला अडवलं, किती वाजता, काय कारण सांगितलं, एवढं पुरे. पेशंट सही करू शकत असेल तर सही त्याचीच घ्या, कारण भेटीची मागणी त्याची असते. पोच घ्यायला विसरू नका.

जुन्या पुठ्ठ्याच्या पासपेक्षा हा आणखी एका बाबतीत उजवा आहे: यंत्र वेळेची नोंद ठेवतं. पण स्कॅन केलं तरच. गेटवर तोंडी ‘नाही’ ऐकून मागे फिरलात तर तुम्ही आलात याची खूण कुठेच राहत नाही. आधी पास स्कॅन करायला लावा, मग काय ते विचारा.