पृथ्वीचे हवामान समजावणारा भिंतीवरचा तक्ता : एक परीक्षण
बेळगावातील शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून आमच्या मराठी शाळेसाठी घेतलेला हा तक्ता प्रत्येक वर्गात असावा असे मला मनापासून वाटते. कारण पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ३० टक्के परत अवकाशात जातो, उरलेला जमीन, समुद्र व वातावरण शोषून घेतात आणि तापलेली पृथ्वी ती ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते, हा सारा जमाखर्च त्यातील बाणांच्या जाडीवरून मुलांना चटकन कळतो. ही बाहेर जाणारी उष्णता अडवून धरणारे हरितगृह वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ अंश सेल्सिअसऐवजी उणे १८ च्या आसपास राहिले असते, ही नोंद ठळक दिली आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या वर गेल्याचा आलेखही सुबक आहे.

समुद्राला मात्र कोपऱ्यात ढकलले आहे, आणि ही उणीव गंभीर आहे. साठत चाललेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्र सामावून घेतो. शिवाय आपला मोसमी पाऊस अरबी समुद्रावरूनच येतो. घाटमाथ्यावरील कणकुंबीत पाऊस अक्षरशः कोसळत असताना त्याच जिल्ह्यातील अथणी पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, कोरडी का राहते, हे सांगण्यासाठी सह्याद्रीचे एक छेदचित्र पुरेसे होते. ते मला फळ्यावर काढावे लागते.

छपाई ठसठशीत आहे. कागद पातळ असल्याने तक्ता लॅमिनेशन करूनच टांगावा.