झेनोडो: डेटा नीट जपतं, तपासत मात्र नाही

पेपरसोबत डेटा द्यायचा आहे आणि तुमच्या विषयाचं खास भांडार नाही, तर झेनोडो हे सगळ्या विषयांचं ऑनलाइन डेटा-भांडार बेधडक वापरा. २०१३ पासूनची ही सेवा सर्न ही युरोपीय अणुसंशोधन संस्था चालवते, पैसे लागत नाहीत. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत आणि जास्तीत जास्त १०० फाइली बसतात. फोल्डर जसेच्या तसे चढत नाहीत, झिप करावे लागतात.

खरी सोय डीओआयची, म्हणजे लिंकसारखा उघडणाऱ्या, नोंदीच्या कायमच्या ओळख-क्रमांकाची. नोंद प्रसिद्ध करण्याआधीच तो राखून ठेवता येतो, त्यामुळे पेपर पाठवतानाच त्यात घालता येतो. पण राखलेला डीओआय नोंद प्रसिद्ध होईपर्यंत उघडत नाही, आणि परीक्षकाला वाटतं डेटा दिलेलाच नाही. त्याच्यासाठी मसुद्याची शेअर लिंक वेगळी द्या. परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असेल तर तीही चालणार नाही, कारण नोंदीवर लेखकांची नावं दिसतात. तिथे ओएसएफ या संशोधन-साहित्य ठेवायच्या दुसऱ्या साइटची नावं झाकणारी लिंक बरी.

प्रत्येक नोंदीला दोन डीओआय मिळतात: एक त्या आवृत्तीचा, दुसरा सगळ्या आवृत्त्यांचा, जो कायम ताज्या आवृत्तीकडे नेतो. पेपरमध्ये पहिलाच द्यावा. दुसरा दिलात आणि पुढे चार ओळी दुरुस्त करून नवी आवृत्ती काढलीत, तर वाचकाने उतरवलेला डेटा छापलेल्या आलेखाशी जुळणार नाही.

मोठी उणीव अशी की आत काय टाकलंय ते कोणी पाहत नाही. ड्रायड या दुसऱ्या डेटा-भांडारात माणसं फाइली तपासतात, म्हणून तिथे शुल्कही आहे. इथे ती जबाबदारी सर्वस्वी तुमची. ‘सेप्ट२’ या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं. त्या घोळापायी जनुकांच्या नामकरण समितीला अशी नावंच बदलावी लागली. म्हणून तक्ता सीएसव्ही या साध्या मजकूर-फाइलीत, यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात काढा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. रीडमी या सोबतच्या माहिती-फाइलीत प्रत्येक रकान्याचं एकक लिहा. न मिळालेलं मूल्य कसं दाखवलं आहे, रिकामी जागा, एनए (‘उपलब्ध नाही’) की -९९९, हेही लिहा. तापमानाच्या रकान्यात न सांगितलेला एक -९९९ राहिला तरी सरासरीचा पार बोजवारा उडतो.

परवाना आपोआप सीसी बाय ४.० येतो, म्हणजे श्रेय देऊन कोणीही वापरावं असा. डेटाला तो ठीक, कोडला एमआयटीसारखा सॉफ्टवेअरचा परवाना निवडा. पहिल्यांदाच वापरत असाल तर आधी झेनोडोच्या सँडबॉक्सवर, म्हणजे सरावाच्या वेगळ्या साइटवर, पूर्ण नोंद करून पाहा. तिथला डीओआय फक्त चाचणीपुरता असतो, पेपरमध्ये घालू नका.