डेव्हिडसन की विल्यम्स? बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलासाठी छोटं खासगी कॉलेज

नॉर्थ कॅरोलिनातलं डेव्हिडसन आणि मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स. दोन्हीकडे जेमतेम दोन हजार विद्यार्थी, अभ्यास दोन्हीकडे कडक, वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे. पण अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या तीन पातळ्यांपैकी डेव्हिडसन खेळतं सर्वांत वरच्या डिव्हिजन १ मध्ये आणि विल्यम्स डिव्हिजन ३ मध्ये. अमेरिकेतल्या मराठी आईबापांनी निर्णय घेताना आधी हा फरक नीट समजून घ्यावा.

मुख्य फरक पैशाचा. डिव्हिजन १ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते, डिव्हिजन ३ मध्ये ती मुळी देताच येत नाही. तिथली मदत घरच्या उत्पन्नावर किंवा गुणवत्तेवर ठरते, विल्यम्समध्ये फक्त उत्पन्नावर. ही उणीव वाटते, पण तिचीच दुसरी बाजू मोलाची आहे: गुडघा गेला किंवा दुसऱ्या वर्षी खेळ नकोसा झाला, तरी ती मदत तशीच राहते. खेळाच्या शिष्यवृत्तीवरच्या मुलाने स्वतःहून संघ सोडला तर कॉलेज ती बंद करू शकतं. म्हणून ती एका वर्षाची आहे की चार वर्षांची, हे लेखी घ्या. कोचने फोनवर दिलेला शब्द कुणावरही बंधनकारक नसतो. विल्यम्सने २०२२ पासून मदतीत कर्ज देणं बंद केलं, डेव्हिडसनने २००७ मध्येच. दोघांच्या संकेतस्थळांवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता आपल्याला किती भरावं लागेल याचा अंदाज देणारं साधन) आपले आकडे आजच भरून बघा.

खेळाडूंकडे पाहिलं तर डेव्हिडसन म्हणजे पुढे एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) तारा झालेला स्टीफन करी. अंगाने किरकोळ म्हणून मोठ्या विद्यापीठांनी त्याला शिष्यवृत्ती दिली नाही. २००८ च्या डिव्हिजन १ राष्ट्रीय स्पर्धेत त्याने गोन्झागा विद्यापीठाविरुद्ध ४० गुण केले आणि दहावं मानांकन असलेला संघ शेवटच्या आठांत नेला. तिथे कॅन्सस विद्यापीठासमोर दोन गुणांनी मागे असताना शेवटच्या क्षणी दोघे त्याच्या अंगावर धावून आले. त्याने चेंडू सहकारी जेसन रिचर्ड्सला दिला, त्याचा तीन गुणांचा फटका हुकला आणि कॅन्सस ५९-५७ ने जिंकलं. विल्यम्सचा डंकन रॉबिन्सन २०१४ मध्ये डिव्हिजन ३ ची अंतिम लढत खेळला, मग मिशिगनला गेला आणि पुढे मायामी हीटकडून एनबीएत. त्याचा कोच त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे गेला होता. छोट्या कॉलेजात हे नेहमी घडतं. २०२२ मध्ये त्याच डिव्हिजन १ राष्ट्रीय स्पर्धेत जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने पंधराव्या मानांकनावरून शेवटचे आठ गाठले आणि काही दिवसांतच कोच सीटन हॉल विद्यापीठात गेला. कोच गेला तरी मुलाला आवडेल असंच कॉलेज निवडा.

आता तयारी. डिव्हिजन १ साठी हायस्कूलचे १६ कोअर विषय (इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरे) आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. मुलं नेमकी इथे अडकतात, कारण बारावीत मागचं भरून काढता येत नाही. विल्यम्ससारख्या ठिकाणी अकरावी संपल्यावर जुलैत कोच गुणपत्रिका प्रवेश विभागाला दाखवतो, त्याला प्री-रीड म्हणतात. होकार आला की बहुधा अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगतात. तो अर्ज बांधून घेणारा असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, त्यामुळे मदतीचा अंदाज आधी मागा. कोचला निवडक बास्केटची दोन मिनिटांची क्लिप पाठवा आणि सोबत एक अख्खा सामना. बचावात पाय कसे हलतात, चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो, हे क्लिपमध्ये दिसत नाही आणि कोच तेच शोधत असतो.

भारतातून एफ-१ व्हिसावर येणाऱ्यांनी जाहिरातीच्या किंवा शिष्यवृत्तीखेरीज कॉलेज देऊ करेल त्या पैशाला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. या व्हिसावर कामाची मुभा फार थोडी असते.

आमचं मत: डिव्हिजन १ ची शिष्यवृत्ती लेखी हातात असेल आणि त्या जागेवर पुढच्या वर्षी खेळणारे दोनपेक्षा जास्त नसतील, तर डेव्हिडसनचा रस्ता घ्या. शिष्यवृत्तीशिवाय बाकावर बसायची तयारी ठेवायला सांगत असतील, तर विल्यम्सचा.