प्राथमिक शाळेसाठी तयार गांडूळखत बेड: सहा फुटी घ्या, बारा फुटी नको

एचडीपीई (जाड विणलेल्या प्लास्टिकच्या) कापडाचे तयार गांडूळखत बेड मुळात शेतकऱ्यांसाठी शिवलेले असतात. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच हे त्यांचं नेहमीचं माप. परसबाग असलेल्या शाळाही हाच बेड मागवतात आणि पहिली चूक तिथेच होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. म्हणजे १०० मुलांमागे ५ किलो भाजी, आणि तिची सालं-देठं फार तर अर्धा-पाऊण किलो. एवढ्यावर ९६ घनफुटांचा बेड भरत नाही. तळाशी पातळ थर राहतो, तो वाळतो आणि गांडुळं मरतात. सहा फुटी बेड याच्या निम्मा. एक किलो, म्हणजे साधारण हजारभर गांडुळं, रोज अर्ध्या किलोच्या आसपास खातात, त्यामुळे हिशेब जमतो.

कापड हातात घेऊन पाहा. २५० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचं) चालतं, पण मुलं कडेवर रेलणारच. ३५० च्या आसपासचं घ्या आणि कोपऱ्यांची शिलाई दुहेरी आहे का ते बघा. बाजूच्या खिशांत बांबू घालायचे असतात. ओल्या जमिनीत रोवलेल्या बांबूला वाळवी लागते आणि वर्षभरात बेड पोट काढून बसतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप एकदाच महाग पडतो, पण टिकतो. बेड भिंतीला चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी वाट असेल तर तिसरीतल्या मुलाचा हात मधोमध पोचतो. वर सावली हवीच. झाडाखाली ठेवलात तरी पावसाळ्यासाठी छप्पर लागेल.

भरताना तळाला विटांच्या तुकड्यांचा तीन इंच थर, त्यावर वाळलेला पालापाचोळा, मग १५ दिवस मुरलेलं शेण. ताजं शेण घालायचं नाही, ते तापतं. खात्री करून घ्यायला आधी ५० गांडुळं सोडा. चोवीस तासांनी ती जिवंत आणि आत शिरलेली असतील तरच बाकीची. ही तपासणी मुलांकडूनच करून घ्यावी. मोजायचं, वाट बघायची, पुन्हा मोजायचं: परिसर अभ्यासाचा याहून चांगला तास क्वचितच मिळतो.

शाळेत बेड बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने. प्रत्येक गटाला वाटतं झारी आपलीच. जास्त पाण्याने हवा कोंडते, वास सुटतो, गांडुळं कडेवर चढतात. एकच झारी, एकच गट, आणि आधी बेडमधलं मूठभर शेण-पाचोळा दाबून बघणं: एक-दोन थेंब पडले तर पाणी नको. दुसरं कारण उरलेली खिचडी. मीठ-तेलाचं शिजलेलं अन्न बेडमध्ये जाऊ देऊ नका. स्वयंपाकी ताईंशी पहिल्याच दिवशी बोलून सालांची बादली वेगळी ठेवा. लिंबाची सालंही नकोत. मुंग्या आल्या तर समजा बेड कोरडा पडलाय.

खालच्या नळीतून येणाऱ्या पाण्याला विक्रेते सरसकट व्हर्मीवॉश (झाडांना द्यायचं गांडूळपाणी) म्हणतात. बऱ्याचदा तो नुसता निचरा असतो. झाडांना द्यायचाच तर दहापट पाणी घालून, आणि मुलांच्या हाती मोकळा देऊ नये. बेडचं काम झालं की साबणाने हात, नखांसकट.

बेड गावाच्या उपयोगी कसा आणायचा, याचा विक्रेत्याच्या माहितीपत्रकात उल्लेख नसतो, ही या वस्तूची मोठी उणीव. शाळेच्या आवारातच संपलेलं काम म्हणजे नुसतं श्रमदान. चौथीचा गट शेजारच्या दहा घरांतला ओला कचरा आठवडाभर तोलून तक्ता करतो, तोच तक्ता ग्रामपंचायतीपुढे वाचतो आणि तयार खत अंगणवाडीच्या वाफ्यात टाकून येतो, तेव्हा मुलांना कळतं की आपण गावासाठी काहीतरी केलं. वजनकाटा बेडसोबत येत नाही. तो आधी घ्या.

जुलैत पालापाचोळा आणि शेण मुरवायला घातलं, ऑगस्टमध्ये गांडुळं सोडली, तर पहिलं खत दिवाळीच्या सुट्टीनंतर हाती येतं. काढायच्या आधी पाच-सहा दिवस पाणी बंद ठेवा आणि खताचा ढीग गोणपाटावर उजेडात घाला. गांडुळं खाली जातात, वरचं खत मुलांना हातांनी उचलता येतं. खोरं-फावडं नको, गांडुळं कापली जातात.

मे महिन्यात बेड भरलेला ठेवू नका. एप्रिलच्या मध्यापर्यंत खत काढून घ्या, गांडुळं शेणासह एका कोपऱ्यात गोळा करा, वर ओलं गोणपाट दुहेरी टाका आणि पाण्याची पाळी कोणाची हे सुट्टी लागण्याआधीच फळ्यावर लिहा. ज्या शाळेजवळ राहणारं, रोज फेरी मारणारं कोणी नाही, तिने गांडुळं गावातल्या एखाद्या शेतकऱ्याकडे ठेवायला द्यावीत आणि जूनमध्ये मोजून परत आणावीत.