दहावीच्या अभ्यासाला नोटबुकएलएम, एकदम कामाचं

भाचीची दहावी आहे म्हणून एआय टूल शोधत होतो, तर माझं मत नोटबुकएलएमला. गूगलचंच आहे, फुकट चालतं आणि मेन म्हणजे आपण टाकू त्या पीडीएफमधूनच उत्तर देतं, उत्तराला नंबर असतात, त्यावर क्लिक केलं की पुस्तकातला तो मजकूरच समोर येतो. ई-बालभारतीवरून विज्ञान भाग १ डाउनलोड करून टाकलं, प्रकाशाचे अपवर्तन हा अख्खा धडा तिने प्रश्न विचारून विचारूनच केला. साधे चॅटबॉट कुठल्या बोर्डाचं उत्तर देतील सांगता येत नाही आणि आपल्याला तर व्याख्या पुस्तकातलीच हवी ना! मात्र आधी पोरांना स्वतः उत्तर लिहू द्या, मग तपासायला वापरा. गणिताला वही-पेनच बरं.